मस्कतची पत्रं

सिरसाळ्याच्या बसस्टँडवरून तेलगावच्या रस्त्यानं दहा मिनिटं चालत गेलं, की उजव्या हाताला निळ्या दाराचं एक स्लॅबचं घर लागतं. भिण्यासारखं त्या घरात काही नाही. पुढं ओटा, ओट्यावर उघडणारी एक खिडकी, आत तीन खोल्या, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मागं न्हाणी आणि कडुनिंबाचं झाड. मुक्ताबाई तिथं एकट्या राहतात. जे घडलं ते अंधारात घडलं नाही. मे महिन्यातल्या भर दुपारी घडलं, पंखा फिरत असताना, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असताना. अंधारातलं असतं तर दिवा लावून विसरता तरी आलं असतं.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. लातूरला फार्मसी कॉलेजात शिकवणाऱ्या लेकीनं, अंजलीनं, आईला नवा कॉम्प्युटर पाठवला. जुना आता घरघर करायचा. मध्येच बंद पडायचा. चालू झाला की तारीख विसरायचा आणि आपण अजून २००३ सालातच आहोत असं दाखवायचा. तो बदलायला मुक्ताबाईंची हरकत नव्हती. प्रश्न होता तो त्यातल्या पत्रांचा.

ती पत्रं काय होती ते आधी सांगायला हवं.

मुक्ताबाई नर्स. २००३ साली, अडतिसाव्या वर्षी, त्या मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरीला गेल्या. अंजली तेव्हा नऊ वर्षांची होती. नवरा कचरू गावातल्या हायस्कुलात क्लार्क. परदेशी फोन करायचा म्हणजे घड्याळाकडं बघत बोलायचं, त्यात निम्मा वेळ 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' यातच जायचा. म्हणून कचरूनं कॉम्प्युटर घेतला. त्याचा दोस्त आसाराम टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. त्यानं लाईन जोडून दिली, ईमेलचा प्रोग्राम टाकून दिला आणि कचरूला एकेक बोटानं टाईप करायला बसवलं. लाईन लागताना डब्यातून किर्रर्र खर्रर्र आवाज यायचा. अंजली त्या आवाजाला 'आई खोकतेय' म्हणायची. मग पत्र उतरायचं.

इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी पत्रं. साडेसात वर्षांत मुक्ताबाईंनी अशी एक हजार एकशे त्रेचाळीस पत्रं लिहिली. आणि काय लिहायच्या! वॉर्डातल्या फिलिपिनो नर्सला 'लई भारी' म्हणायला शिकवलं, तर ती साहेबाच्या तोंडावरच कशी बोलून गेली. एक अरबी म्हातारी सुई बघितली की बुरख्यात तोंड लपवून कशी गाणं म्हणायची. शेवटच्या चार ओळी ठेवलेल्या अंजूसाठी, त्यात एक कोडं. बाप-लेक खुर्चीवर एकमेकांना चिकटून बसून वाचायचे आणि हसता हसता कचरूच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुक्ताबाई परत आल्या. आल्या त्या गप्प होऊनच. तिथं काय झालं, असं विचारलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. माणसाला इतकी वर्षं लिहून बोलायची सवय लागली, की तोंडानं बोलायचं राहून जातं, एवढंच. सोळा वर्षांची अंजली पहिल्या दिवशी आईच्या गळ्यात पडली. आठवड्यानं तिनं स्वयंपाकघरात बापाला हळूच म्हटलं, "पप्पा, पत्रातली आई लई बडबडी होती."

मुक्ताबाई तेव्हा दाराआड कपडे घड्या करत होत्या. त्यांनी ते ऐकलं. कुणाला बोलून दाखवलं नाही.

परळीच्या एका दवाखान्यात त्या नोकरीला लागल्या. कचरू शाळेतून आला की दुपारी कॉम्प्युटरसमोर बसायचा. निवृत्त झाल्यावर तर रोजच बसायचा. जुनी पत्रं वाचतोय, असं त्या समजायच्या. १४ मे २०१९ ला त्या ड्यूटीवरून संध्याकाळी घरी आल्या, तर उन्हात दार सताड उघडं आणि कचरू त्याच खुर्चीत, मान छातीवर टेकवलेली. दुपारीच गेला होता.

त्यानंतर रोज दुपारी मुक्ताबाई त्या खुर्चीत बसून एक पत्र वाचू लागल्या. एकच. लोकांना वाटायचं, नवऱ्याच्या आठवणीनं वाचते. खरं म्हणजे त्या स्वतःलाच भेटायला जायच्या. पत्रातली ती बाई हसरी होती, धीट होती, आणि ती कुठं राहिली ते त्यांना कळत नव्हतं.

आता ही पत्रं फक्त त्या जुन्या डब्यात होती. ज्या कंपनीचा पत्ता होता ती कधीच बंद पडलेली. दुसरीकडं कुठं नक्कल नाही. डबा गेला की सगळं गेलं. म्हणून त्यांनी आसारामला बोलावलं.

आसारामही आता निवृत्त झाला होता. डोक्याला उपरणं गुंडाळून, खिशात पेनड्राइव्ह घेऊन तो दुपारी साडेबाराला आला. खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि बसला.

"वैनी, ह्ये मशीन दमलंय बघा. पण काळजी करू नका. आधी नक्कल, मग नवा प्रोग्राम, मग मोजणी. मोजणी जुळल्याबगर जुन्याला हात लावायचा न्हाई."

"एक हजार एकशे त्रेचाळीस आहेत," मुक्ताबाई म्हणाल्या.

"तुमी मोजलेत?"

"पाठ आहेत."

आसारामनं आधी जुना ईमेलचा प्रोग्राम बंद केला. उघडा असताना नक्कल केली तर पत्रं अर्धवट येतात, असं तो म्हणाला. मग पत्रांचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, आणि एक नक्कल त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवली. नव्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम टाकला. मुक्ताबाईंचा मोबाईलवरचा पत्ता त्यात घातला. 'जुनी पत्रं कुठून आणायची?' असं प्रोग्रामनं विचारल्यावर त्यानं पेनड्राइव्ह दाखवला.

पडद्यावर हिरवी पट्टी पुढं सरकू लागली. बाहेर ऊन इतकं होतं, की खिडकीतून येणारी झुळूकसुद्धा पोळत होती. रस्ता सुनसान पडला होता. पट्टीच्या वर आलेल्या पत्रांचा आकडा वाढत होता. दोनशे. पाचशे. नऊशे. मुक्ताबाई पत्रं ओढून घेणाऱ्या मशीनकडं पेशंटच्या सलाईनकडं बघावं तशा बघत उभ्या होत्या.

एक हजार एकशे त्रेचाळीस.

त्यांनी श्वास सोडला. पण आकडा थांबला नाही.

"भाऊ..."

"हा, दिसतंय मला." आसाराम पुढं वाकला. "डबल आली असतील. होतं कदी कदी."

आकडा एक हजार तीनशे पंचावन्नवर थांबला. दोनशे बारा पत्रं जास्त.

आसारामनं चष्मा पुसला. डावीकडं बघितलं, तर एकाखाली एक अशी दोन फोल्डरं तयार झाली होती. पहिल्याचं नाव 'घर'. दुसऱ्याचं नाव 'मुक्ता'.

"आत्ता आलं ध्यानात," तो म्हणाला. "जुन्या प्रोग्रामात एका मशीनवर दोन ओळखी ठेवता यायच्या. एकाची पत्रं दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून. त्यांना पासवर्ड असायचा. कचरूनं दुसरी ओळख केली असंल. नव्या प्रोग्रामानं दोन्ही उचलून आणल्या."

"दुसरी कशाला केली?"

"मला काय म्हाईत वैनी. मी न्हाई करून दिली."

त्यानं 'मुक्ता' उघडलं. पत्रं तारखेनं लागली होती. सगळी मुक्ताबाईंच्या मस्कतच्या पत्त्यावरून कचरूला आलेली. पहिल्याची तारीख होती ३ सप्टेंबर २०१०.

मुक्ताबाईंनी ती तारीख दोनदा वाचली. ऑगस्टात त्या घरी आल्या होत्या. तीन सप्टेंबरला त्या याच घरात होत्या, पलीकडच्या खोलीत.

"मी नाही लिहिलं हे," त्या म्हणाल्या.

आसारामनं पत्र उघडलं. तो वाचायला लागला, मग वाचता वाचता थांबला आणि खुर्ची सोडून बाजूला झाला. मुक्ताबाई बसल्या.

'कचरू, मागच्या पत्राला उत्तर नाही आलं. मी अजून इथंच आहे. माझी बॅग भरलेली आहे पण रजेच्या कागदावर सही झाली नाही. ऑफिसात म्हणतात, मुक्ता तर गेली, तिचा कागद कधीच निघाला. मी म्हटलं, अरे बाबांनो, मी समोर उभी आहे ना! मग मीच हसले. फिलिपिनो पोरगी पण हसली. अंजूला सांग, कोड्याचं उत्तर 'सावली'.'

हसायची ती पद्धत मुक्ताबाईंची. वाक्याच्या शेवटी स्वतःवरच केलेली चेष्टा त्यांची. 'अरे बाबांनो' त्यांचं.

"कचरूनंच लिहिली असणार," आसाराम घाईघाईनं म्हणाला. "म्हंजे... तुमच्यासारखं लिहून स्वतःलाच. एकट्या माणसाचा खेळ. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

मुक्ताबाईंनी मधलंच एक पत्र उघडलं. २०१४ सालातलं.

'आज पुन्हा होस्टेलच्या गच्चीवर गेले. विमानं बघत आपल्या गाडीचे थांबे म्हटले. परळी, सिरसाळा, तेलगाव... पुढचं आठवेना. तेलगावनंतर काय येतं रे? रात्रभर तेलगावलाच उभी राहिले.'

मुक्ताबाईंचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. गच्चीवर जाऊन परळी-बीड गाडीचे थांबे म्हणायची सवय त्यांना होती. रडू येऊ नये म्हणून. ती गोष्ट त्यांनी पत्रात कधी लिहिली नव्हती. घरी येऊनही कचरूला सांगितली नव्हती. जगात कुणालाच माहीत नव्हती.

"वडवणी," त्या पुटपुटल्या. "तेलगावनंतर वडवणी."

"काय म्हणालात?"

त्यांनी मान हलवली. मग 'गेलेली पत्रं' या वेगळ्या कप्प्यात कचरूची उत्तरं ठेवलेली होती, त्यावर माऊसचा बाण नेला. आसारामनं हळूच म्हटलं, "राहू द्या वैनी. आता नको." पण त्यांनी उघडलं.

'मुक्ता, वडवणी गं. विसरलीस कशी? इकडं ऊन फार आहे. तू कधी येणार ते विचारू नकोस. घरात ती आहे. दिसायला तूच. मनानं वाईट नाही. माझ्या गोळ्या वेळेवर देते, अंजूच्या फीला कमी पडू देत नाही. पण बोलत नाही गं. तिला जा कसं म्हणू? तिलाही कुठं घर आहे?'

पंखा फिरत होता. कुठंतरी बकरी ओरडली. आसाराम ओट्यावर जाऊन उभा राहिला, कारण वैनीच्या तोंडाकडं त्याला बघवेना. मुक्ताबाई मात्र रडल्या नाहीत. नऊ वर्षं एकाच माणसाच्या शेजारी झोपून, त्याला गोळ्या देऊन, त्याचे पाय चेपून, आपण त्याच्या घरात 'ती' होतो, हे कळल्यावर बाईला काय वाटतं ते सांगायला शब्द नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा राग आला नाही. कारण त्यांनाही हवी होती ती मस्कतचीच. त्यासाठीच तर त्या रोज दुपारी इथं बसत होत्या.

तेवढ्यात मशीनमधून एक बारीक 'टिंग' आवाज आला.

आसाराम धावत आत आला. "काय दाबलं वैनी?"

"काहीच नाही."

खाली कोपऱ्यात अक्षरं उमटली होती. 'एक पत्र पाठवत आहे.'

आसारामचा चेहरा उतरला. "अरे देवा... आउटबॉक्स बघायचा राहिला." मग त्यानं समजावून सांगितलं. लिहून झालेलं पण न गेलेलं पत्र आउटबॉक्समध्ये पडून राहतं. तेव्हा जुन्या मशीनची लाईन लागली नसावी, आणि कचरू गेल्यावर तर ती तोडलीच, त्यामुळं ते तसंच अडकून होतं. बाकीच्या पत्रांबरोबर तेही इकडं आलं. नव्या प्रोग्रामाला इंटरनेट मिळालं, आणि त्यानं ते आपणहून पाठवून दिलं.

"थांबवा ना मग."

तो थांबवायला गेला. अक्षरं बदलली. 'पाठवले.'

ते पत्र आता 'गेलेली पत्रं' मध्ये दिसत होतं. तारीख १४ मे २०१९, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. दोनच ओळी.

'मुक्ता, आता ये. मला बरं वाटत नाही. दार उघडं ठेवलंय.'

आसाराम म्हणाला, "जाणार कुठं ते? पत्ताच बंद पडलेला. अशी पत्रं घडीभरात परत येतात. 'पत्ता सापडला नाही' म्हणून. बघा तुमी."

चार वाजेपर्यंत तो वाट बघत बसला. पत्र परत आलं नाही. जाताना दारात थबकून म्हणाला, "परत आल्याबरोबर फोन करा मला. किती बी वाजू द्या."

त्या रात्री पत्र परत आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुक्ताबाई तीन दिवस त्या खुर्चीतून फारशा उठल्या नाहीत. दोनशे बाराच्या दोनशे बारा पत्रं त्यांनी वाचून काढली. वाचता वाचता त्या कधी कधी हसायच्या, आणि आपलंच हसू ऐकून दचकायच्या. मस्कतची मुक्ता म्हातारी होत नव्हती. म्हाताऱ्या अरबी बाया मरत होत्या, फिलिपिनो नर्स लग्न करून निघून गेली, होस्टेलच्या खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या, शेवटी दवाखान्याची ती इमारतही बंद झाली, असं ती लिहीत होती. पण ती तिथंच होती. बंद वॉर्डातून रात्री एकटी चादरी बदलत फिरत होती. आणि दर पत्राच्या शेवटी अंजूसाठी कोडं होतं.

शेवटच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, 'मला नुसतं ये म्हण. मग मला कुणाची सही लागणार नाही.'

तिसऱ्या दिवशी अंजलीचा फोन आला. "झालं का गं आई काम? पत्रं आली का सगळी?"

"आली," मुक्ताबाई म्हणाल्या.

"बरं झालं." थोडा वेळ दोघींना काही सुचलं नाही. नेहमीसारखं. "मग ठेवू?"

"ठेव."

चौथ्या दिवशी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. सकाळी दहा वाजता घराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं लसीकरणाची गर्दी होती. निघायला एक वाजून गेला. डोक्यावर पदर घेऊन, भिंतींच्या सावल्या धरत त्या घराकडं आल्या.

ओट्यावर आसाराम बसला होता. हातात बशी, बशीत चहा. फुंकर मारून तो पीत होता. मुक्ताबाईंना फाटकातून येताना बघून त्याची फुंकर अर्ध्यावरच राहिली.

"वैनी..." तो म्हणाला. "तुमी बाहेर कदी गेलता?"

"सकाळीच गेलते. कावून?"

आसारामनं बशी खाली ठेवली. "आत्ता... आत्ता तर तुमी खिडकीतून चहा दिला मला. म्हणलं, आत येतो, तर तुमी म्हणालात बसा तिथंच, वारा हाय. किती वेळ बोललो आपण. कचरू टाईप करताना जीभ कशी बाहेर काढायचा त्याची नक्कल केलीत तुमी. मी म्हणलं, चला, वैनी बोलाय लागल्या. लई वर्षांनी बोलल्या..."

मुक्ताबाईंनी दाराकडं बघितलं. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली कमरेला होती, घामानं ओली झालेली.

"काय घातलं होतं तिनं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं ते... पांढरं." आसाराम उठला होता आणि ओट्याच्या पायऱ्या उलट्या उतरत होता. "नर्सचं. मला वाटलं, जुने कपडे काढले असतील कपाटातून. वैनी, दार उघडू नका. मी माणसं घेऊन येतो. ऐका माझं..."

पण त्यांनी कुलूप उघडलं. आत कुणी नव्हतं. मागचं दार आतून कडी लावलेलं होतं. गॅसवर पातेलं होतं, त्यातल्या चहाच्या पत्तीतून अजून वाफ निघत होती. न्हाणी कोरडी होती. पलंगाची चादर बदललेली होती, आणि तिचे कोपरे दवाखान्यात दुमडतात तसे घट्ट आत दुमडलेले होते. मुक्ताबाईंनी घरात तसं दुमडायचं कधीच सोडून दिलं होतं.

त्या कॉम्प्युटरपाशी गेल्या. पडदा चालू होता. 'घर' या फोल्डरात एक हजार एकशे त्रेचाळीस पत्रं होती, एकही कमी नाही. 'मुक्ता' हे फोल्डर नव्हतं. पेनड्राइव्ह लावून बघितला, त्यातही नव्हतं. संध्याकाळी आसारामनं आपला लॅपटॉप तपासला. तिथल्या नकलेतही ते नव्हतं. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, आणि "वैनी, तुमी आजची रात आमच्याकडं या," असं म्हणाला.

"नको भाऊ," मुक्ताबाई म्हणाल्या. "माझंच घर आहे हे."

त्यांनी भाकरी केली, पण खाल्ली नाही. भीती वाटत होती का, तर वाटत होती. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. पंधरा वर्षांमागं मस्कतला सोडून आलेलं माणूस दारात आलं तर त्याला बघावंसं वाटतंच. 'ये गं,' असं त्या एकदा रिकाम्या खोलीत म्हणाल्यासुद्धा. मग लाजल्या.

साडेसातला अंजलीचा फोन आला. आवाज रडून रडून बसलेला होता, पण आनंदानं.

"आई, दुपारपासून मी नुसती रडतेय गं. किती छान बोललीस आज! तासभर! मला माझी लहानपणीची आई परत मिळाल्यासारखं झालं. ते सुईला घाबरणाऱ्या म्हातारीचं तर मी विसरूनच गेले होते. रविवारी येतेच आहे मी, तू म्हणालीस तशी. राहणार आहे चार दिवस."

दुपारी एकपर्यंत मुक्ताबाई दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या, आणि संध्याकाळपर्यंत फोन पिशवीच्या तळाशीच होता.

"फक्त एक कळलं नाही गं," अंजली म्हणाली. "तू म्हणालीस, रविवारच्या आत घरातल्या त्या बाईला मी जायला सांगणार आहे, मग आपण दोघीच राहू. तू मला कधी सांगितलंच नाहीस, घरात बाई ठेवल्याचं. कोण आहे ती?"

मुक्ताबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"अगं, हसतेस काय आई?" पलीकडून अंजली म्हणाली, आणि स्वतःही हसायला लागली. "सांग ना!"

मुक्ताबाई हसल्या नव्हत्या.